मावशींना लाज नव्हती

आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावरच्या मावशींना लाज म्हणून नव्हती. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. मला ती गरजेपेक्षा कितीतरी जास्त मिळालेली आहे, त्यामुळे जिच्याकडे ती मुळीच नाही अशा बाईकडे मी पहिल्या दिवसापासून आ वासून बघत राहिले. आम्ही गिरगावातून भाईंदर पूर्वेला राहायला आलो, तेव्हा सामानाचा टेम्पो गेटात उभा होता आणि आवारात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेली एक ठेंगणी, सावळी बाई उतरणाऱ्या प्रत्येक वस्तूवर मोठ्यानं शेरा मारत होती. "गादी फाटलीय, सांभाळून घ्या रे. कपाट चांगला हाय. ह्यो आरसा कुनाचा, सुनेचा का सासूचा?" माझी फाटकी गादी सगळ्या बिल्डिंगनं बघितली. मी मान खाली घालून जिना चढायला लागले, तर मागून आवाज आला, "बाय, पानी हवं का? माझ्याकडं माठ हाय."

मावशी खारी गावातल्या. माहेर तिथलंच आणि सासरही तिथलंच, चार घरं सोडून. गावातलं घर बिल्डरला दिलं आणि बदल्यात तळमजल्याचा हा फ्लॅट मिळाला. यजमान लवकर गेले, लेक जयू लग्न होऊन वसईला गेली. मग मावशींनी आपला संसार खिडकीत मांडला. हिरव्या जाळीची ती खिडकी नेमकी गेटासमोर. येणाराजाणारा तिथूनच तपासला जायचा. नव्या सुनेला "काय गं, बातमी कवा?" हे विचारायला त्यांना काही वाटायचं नाही आणि पहिल्या मजल्यावरच्या हेमाबेनना "तुमचा बीपी वाढलाय, चेहऱ्यावर दिसतंय" हे जिन्यातून ओरडून सांगायलाही नाही. हिंदी येत नव्हतं, पण बोलायच्या. "ए भैया, टँकर उधर कायको लावला? मेरी तुळस मरेगी ना!" टँकरवाला निमूट गाडी पुढे घ्यायचा.

त्यांची कवळी खिडकीतल्या स्टीलच्या वाटीत पाण्यात ठेवलेली असायची. लग्नकार्याला आणि डॉक्टरकडे जाताना तेवढी लावायच्या. "रोजच्याला कशाला? झिजतील," असं त्यांचं म्हणणं. बिनदातांच्या तोंडानं त्या गेटापर्यंत ऐकू जाईल असं हसायच्या. माझा समोरचा एक दात किंचित पुढे आहे, तेवढ्यासाठी मी लग्नाच्या फोटोतसुद्धा ओठ मिटून उभी आहे. त्यांचं ते हसणं बघून मला त्यांच्या वतीनं लाज वाटायची. लाज वाटून घेण्याच्या कामात मी जरा जास्तच परोपकारी आहे.

मावशींचं खरं वेड लॅमिनेशनचं. त्यालाही कारण होतं. एका पावसाळ्यात आमच्या आवारात कंबरभर पाणी चढलं आणि तळमजल्याची घरं बुडाली. मावशींच्या ट्रंकेतल्या कागदांचा लगदा झाला. रेशनकार्ड, जयूचा शाळेचा दाखला, यजमानांच्या कामाचे कागद, सगळं त्यांनी घमेल्यात भरून बाहेर टाकलं. तेव्हापासून "कागदाला कातडं पायजे" हे त्यांचं ब्रीद झालं. स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे त्यांची खेप ठरलेली. आरत्यांचं पान, लाइटबिल, जयूच्या लग्नाची पत्रिका, सगळ्याला प्लॅस्टिक. एकदा डॉक्टरांचा कागदही लॅमिनेट करून आणला, मग पुढच्या वेळी डॉक्टरांना त्यावर नवी गोळी लिहिता येईना. सोसायटीची 'उद्या पाणी येणार नाही' ही नोटीस त्यांनी आपण होऊन लॅमिनेट करून जिन्यात चिकटवली. पाणी दुसऱ्या दिवशी आलं, पण नोटीस वर्षभर निघाली नाही.

माझी आणि त्यांची खरी गाठ पडली ती मी नोकरी सोडून घरी बसले तेव्हा. विमा कंपनीच्या ऑफिसात माझी हयात गेली होती. कामावर नसलेली मी मलाच ओळखू येईना. बंगळुरूला असलेल्या मुलीला फोनवर माझा आवाज बरा वाटला नसावा. तिनं कुरियरनं एक खोकं पाठवलं. उघडलं तर आत ऑईल पेस्टलची मोठी पेटी आणि जाड कागदांचा गठ्ठा. "आई, काहीतरी कर. कुणी बघत नाहीये." शेवटचं वाक्य तिनं बरोबर घातलं होतं. लेक कुणाची!

तरी मी ती पेटी आधी तांदळाच्या डब्यामागे लपवली. पन्नाशी उलटलेली बाई, आणि खडू? शाळेत चित्रकलेच्या बाईंनी माझा मोर वर्गाला दाखवून "ही कोंबडी कुणाची?" असं विचारलं होतं. त्यानंतर मी हातात रंग धरला नव्हता. पण दुपारी हे ऑफिसला गेले की घर फार शांत व्हायचं. एका दुपारी दाराला कडी लावली, खिडकीचा पडदा ओढला, आणि स्वयंपाकघरातल्या ओट्यावर कागद ठेवला. एखादं पाप करायचं असावं अशी सगळी तयारी.

मला वाटलं होतं, लहान मुलांचे मेणखडू असतात तसंच हे असणार. पण ऑईल पेस्टल कागदावर टेकवलं आणि ते लोण्यासारखं पसरलं. समोर दिसलं ते काढायला घेतलं, म्हणजे एक लिंबू. पिवळा जोरात दाबला तर खडूच मोडला. खोडायला रबर फिरवलं तर लिंबू कढईएवढं झालं. सावलीसाठी निळा घेतला, तो पिवळ्यात मिसळून हिरवा झाला आणि लिंबाचा पेरू झाला. बोटानं सारखं करायला गेले तर कागदाला हात, हाताला ओटा, ओट्याला पदर असा रंग सगळीकडे गेला. मला रडू यायला हवं होतं. पण ते गार, तेलकट, मऊ काहीतरी बोटाखाली सरकत होतं आणि त्यात इतकं सुख होतं की मी आणखी तीन लिंबं काढली. मग हे यायच्या आत सगळे कागद फाडून टाकले.

रंग मात्र नखांत राहिला. साबणानं जाईना. दुसऱ्या दिवशी भाजीच्या गाडीवर मी मिरच्या निवडत होते, तेवढ्यात मावशींनी माझा हात मनगटाला धरून उचलला. "ह्ये काय? निळं?" मी म्हटलं, "शाई. ऑफिसची." "हापिस सोडून तुला महिना झाला की गं." गाडीभोवतीच्या सगळ्या बायका माझ्या बोटांकडे बघायला लागल्या. मी हात ओढून पदराखाली घेतला, पिशवी उचलली आणि मिरच्या न घेताच घरी आले. दुपारी बेल वाजली. एरवी गुडघ्यांमुळे पहिला मजलाही न चढणाऱ्या मावशी तिसऱ्या मजल्यावर, माझ्या दारात, धापा टाकत उभ्या होत्या. "दाखव," त्या म्हणाल्या.

दाखवावंच लागलं. त्यांनी पेटीतला एकेक खडू उचलून वास घेतला. मग म्हणाल्या, "मना दे एक कागद." मांडी घालून जमिनीवर बसल्या, जांभळा खडू मुठीत लाटण्यासारखा धरला आणि कागदभर चिंबोरी, म्हणजे खेकडा, काढला. नांगे एका बाजूला जास्त झाले होते. मी मनातल्या मनात तेच मोजत होते. मावशींनी कागद लांब धरून बघितला आणि खूश होऊन हसल्या. "फस्क्लास!" त्याच संध्याकाळी ती चिंबोरी खिडकीच्या जाळीला सुतळीनं बांधलेली होती. वॉचमननं विचारलं, "मौसी, ये मकडी है?" मावशी म्हणाल्या, "मकडी तेरे घर में." एवढ्यानं तो विषय संपला. त्यांच्या आयुष्यात विषय असेच संपायचे.

माझं गुपित तेव्हाच फुटलं. "आमची बाय चितारीन हाय," असं त्यांनी दूधवाल्यालासुद्धा सांगितलं. लोक विचारायला लागले आणि मी प्रत्येकाला एकच उत्तर द्यायला लागले, "असंच आपलं. काही खास नाही." मावशींना ते ऐकवायचं नाही. "असंच म्हंजे कसंच? मी मासळी इकायला बसले आनि 'असंच हाय, खास न्हाय' बोल्ले, तर कोन घेल?" मी म्हणायचे, "मावशी, मला विकायचंय थोडंच?" त्या म्हणायच्या, "तेच बोलते. मंग घाबरतेस कुनाला?" त्यांना वाटायचं, मी खाली आवारात येऊन उजेडात बसावं. मी स्वयंपाकघराचा पडदाही उघडत नव्हते.

चार-सहा महिने असे गेले. हात थोडा वळायला लागला. एक दिवस मावशी मला रिक्षात घालून मिठागरावर घेऊन गेल्या. त्यांचे वडील तिथे कामाला होते. आम्ही बांधावर बसलो. संध्याकाळची वेळ होती, पाण्यात आभाळ उतरलं होतं आणि कडेनं मिठाच्या पांढऱ्या राशी लागल्या होत्या. मावशी एवढंच म्हणाल्या, "बाबाचं पाय कवा भरले न्हायत. भेगाच भेगा. मिठानं." परत येताना मी ठरवलं, हे काढायचं.

ते चित्र मला महिनाभर पुरलं. ऑईल पेस्टलमध्ये पांढरा हा फार हट्टी रंग आहे. शेजारच्याला जरा धक्का लागला की मळतो. दर वेळी खडूचं टोक पुसायचं आणि मग टेकवायचं. मिठाच्या राशी आधी भातासारख्या झाल्या, मग उशांसारख्या, आणि एका दुपारी अचानक मिठासारख्या झाल्या. मी पेस्टल खाली ठेवलं. कागद भिंतीला टेकवून लांब जाऊन बघितलं. मला लाज वाटली नाही. मी वाट बघितली, म्हटलं आता वाटेल. चहा केला, परत येऊन बघितलं, तरी वाटली नाही. हे माझ्या आयुष्यात आधी कधी झालं नव्हतं. माझ्या हातून झालेली एक गोष्ट समोर होती आणि तिच्याबद्दल मला कुणाची माफी मागायची नव्हती.

चित्र मी आपणहून खाली नेलं, ही त्याहून मोठी गोष्ट. मावशींनी ते मांडीवर घेतलं. बांधाच्या कडेला मी एक वाकलेला माणूस काढला होता, बोटाच्या पेराएवढा. त्यावर त्यांनी हात ठेवला नाही, नुसता वर धरला. म्हणाल्या, "एक दिस ठेव माझ्याकडं. खारीत भावाला दाखवते." माझ्या तोंडून नेहमीचं "असंच आपलं" बाहेर पडलं नाही. मी म्हटलं, "ठेवा ना."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. मावशी पुन्हा तिसरा मजला चढून आल्या होत्या, पदराखाली काहीतरी धरलेलं होतं. त्या आत आल्या नाहीत. दारातच पदर बाजूला केला. चित्राला चकचकीत प्लॅस्टिक चढलं होतं आणि प्लॅस्टिकच्या आत मिठागर वितळलं होतं. झेरॉक्सवाल्याच्या मशिनचे रूळ तापलेले असतात, हे मला माहीत होतं. ऑईल पेस्टल कधी वाळत नाही, तेल आणि मेणच ते, हेही माहीत होतं. मावशींना फक्त एवढंच माहीत होतं की चांगल्या कागदाला कातडं पाहिजे. राशी बांधात गेल्या होत्या, बांध पाण्यात, आभाळाचा केशरी सगळ्यावरून वाहून एका कोपऱ्यात गोळा झाला होता. वाकलेला माणूस कुठेच नव्हता. "तो भैया बोल्ला, मौसी, पिघल गया," मावशी म्हणाल्या. त्यांनी कवळी लावली होती. कवळी लावून त्या माझ्याकडे माफी मागायला आल्या होत्या.

मी म्हटलं, "असू दे मावशी." मनापासून म्हटलं. पण माणसाचा चेहरा काही त्याच्या मालकीचा नसतो. माझ्या चेहऱ्यावर जे काय उमटलं ते मावशींनी बघितलं, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी लगेच ओळखलं. कान लाल होणं, नजर जमिनीवर जाणं, हाताचं काय करावं ते न कळणं. ती माझीच रोजची वस्तू होती, फक्त चुकीच्या घरी गेलेली. मावशींनी चित्र पुन्हा पदराखाली घेतलं आणि कठडा धरून एकेक पायरी खाली गेल्या.

दुसऱ्या दिवशी खिडकी बंद. तिसऱ्या दिवशीही बंद. जाळीवरची चिंबोरी काढलेली. मी दार वाजवलं तर आतून आवाज आला, "झोपलेय गं." सकाळी दहाला. दुपारी गेले तरी "झोपलेय गं." एक आठवडा गेला, दुसरा गेला. टँकर तुळशीला चिकटून उभा राहायला लागला, त्याला कुणी काही बोलेना. हेमाबेन मला जिन्यात म्हणाल्या, "मासीने शुं थयुं? मला कोणी बीपी विचारत नाय." वॉचमन म्हणाला, "मौसी बीमार है क्या?" मी म्हटलं, नाही. बिल्डिंग इतकी सभ्य झाली होती की राहवेना.

चित्राचं दुःख मला होतं, नाही कशाला म्हणू? पण त्याच्यापेक्षा हे मोठं होतं. भाईंदरात लाज नसलेली एकच बाई माझ्या ओळखीची होती आणि माझ्या एका कागदापायी तिलाही ती लागली होती, साथीचा ताप लागावा तशी. ती त्यातून उठली नाही तर आपलं कसं व्हायचं, असं मला खरोखर वाटायला लागलं. हे म्हणाले, "जाऊन सांग ना, मला राग नाही म्हणून." हे चांगले आहेत, पण यांना लाजेतलं काही कळत नाही. लाजलेल्या माणसाला "लाजू नको" म्हटलं की ते आणखी खोल जातं. त्याला बाहेर काढायचं तर त्याच्याहून जास्त लाजिरवाणं काहीतरी त्याच्यासमोर कुणीतरी करावं लागतं. आणि त्या कामाला माझ्याइतकी लायक बाई दुसरी नव्हती.

रविवारी सकाळी, सगळी बिल्डिंग खाली असते त्या वेळेला, मी प्लॅस्टिकची खुर्ची उचलून आवारात मावशींच्या खिडकीसमोर नेऊन ठेवली. मांडीवर पाट घेतला, पाटावर कागद लावला, पेटी उघडली. ती बंद खिडकी मी काढायला लागले. मिनिटभरात क्रिकेट थांबलं आणि पोरं भोवती जमली. "आंटी, ये गाय है?" "खिडकी है." "तो पूँछ क्यों है?" तो जाळीवर वाळत घातलेल्या पायपुसण्याचा लोंबणारा काठ होता. हेमाबेन बाल्कनीतून म्हणाल्या, "अरे वा, कॉम्पिटिशन छे?" दोन मुलं मोटरसायकल पुसता पुसता थांबली. वॉचमननं स्वतःची खुर्ची वळवून घेतली. माझे कान एवढे तापले होते की त्यावर भाकरी भाजली असती. उठून पळावंसं दर क्षणाला वाटत होतं. मी जाळीचा रंग भरत राहिले. हिरवा सापडेना, म्हणून निळाच दाबत सुटले.

खिडकीचं एक दार बोटभर उघडलं. मी वर बघितलं नाही. आणखी थोडं उघडलं. आणि मग पंधरा दिवसांत न ऐकलेला आवाज आवारभर घुमला. "अगं जाळी हिरवी हाय, निळी कुठं बघतेस! डोळं हाईत का बटनं?" मी तशीच निळा घासत राहिले. मावशींना ते सहन होईना. दार पूर्ण उघडलं, डोकं जाळीला येऊन टेकलं. "आनि तो गज वाकडा काढलायस! माझं घर पडलं काय?" मी घाईघाईनं तपकिरी उचलला आणि खिडकीत ते डोकं काढायला घेतलं. त्यांना कळलं. "ए, माझं तोंड काढू नको! दात न्हाय लावले!" पण ओरडायला तोंड उघडावं लागतंच. मी तसंच काढलं, उघडं, बिनदातांचं. नाक घाईत एका बाजूला गेलं. पोरं खिदळत होती, मावशी त्यांच्यावर ओरडत होत्या, आणि मला इतकी लाज वाटत होती की डोळ्यांत पाणी आलं. का ते कुणाला कळलं नाही. मलाही अर्धवटच कळलं.

दुपारी त्यांनी मला आत बोलावलं. माठातलं पाणी दिलं. मग समोर बसून, नेहमीच्या मानानं फार हळू आवाजात म्हणाल्या, "मना लाज वाटली गं बाय. पयल्यांदाच. जेवन जाईना. वाटे, भिंतीत शिरावं." मी म्हटलं, "माहितीये मावशी." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "तू रोज कशी सोसतेस गं हिला?" याआधी मला कुणी हे विचारलं नव्हतं. माझ्या आईनं नाही, यांनी नाही. सगळ्यांना वाटायचं मी शांत स्वभावाची आहे. मी त्यांचा हात धरून बसले. थोड्या वेळानं त्यांनीच हात सोडवला आणि ते खिडकीचं चित्र मागितलं. मी म्हटलं, "देते, पण लॅमिनेट…" त्यांनी दोन्ही कानांना हात लावले. "कानाला खडा!" त्यांनी ते जुन्या पातळाच्या घडीत, कपाटातल्या वरच्या फळीवर ठेवलं. वितळलेलं मिठागर कुठे गेलं ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

त्यानंतर मी आवारात बसायला लागले. धीट झाले असं नाही, कान तापायचेच. पण खिडकीतून "आभाळ जास्त झालं" किंवा "ती बाई लंगडी हाय का?" असं कुणी सतत ओरडत असलं की तापलेल्या कानांकडे लक्ष द्यायला फुरसत मिळत नाही. टँकर तुळशीपासून लांब उभा राहायला लागला. हेमाबेनचा बीपी पुन्हा चर्चेत आला.

मावशी गेल्या दिवाळीनंतर गेल्या. आधी ताप, मग न्यूमोनिया, आणि आठवडाभरात संपलं. जयूनं त्यांना वसईला नेलं होतं, त्यामुळे शेवटची भेटसुद्धा झाली नाही. तेराव्याला मात्र ती इथल्या फ्लॅटवर आली, कारण खारीची माणसं इथेच येणार होती. मी पुऱ्या लाटायला म्हणून लवकर खाली गेले आणि दारातच थबकले.

पाटावर फोटो नव्हता. फोटोच्या जागी प्लायवूडच्या तुकड्याला टाचण्या लावून माझं चित्र उभं केलं होतं. वाकडे गज, निळी जाळी, त्यावर नंतर मी भरलेला हिरवा, आणि मधोमध बिनदातांचं तोंड उघडून ओरडणाऱ्या मावशी. त्यावर पांढऱ्या शेवंतीचा हार. ज्या घरात लाइटबिलालासुद्धा प्लॅस्टिक होतं, तिथे हे एकटं उघडं होतं. "आईनं हॉस्पिटलात सांगितलेलं," जयू म्हणाली, "फोटो लावू नका, त्यात मी दात लावून बसलेय, कोन वळखनार? बायनं काढलंय ते लावा. आनि कातडं घालू नका, बाय ओरडेल." मला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. एकेक माणूस येत होता, चप्पल काढत होता आणि मी काढलेल्या वाकड्या नाकाला हात जोडत होता.

मावशींचे थोरले भाऊ काठी टेकत आले. चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले. मग वळून विचारलं, "कुनी काढलंय ह्ये?" जयूनं माझ्याकडे बोट केलं. सगळी खोली माझ्याकडे बघायला लागली. 'असंच आपलं' ओठांपर्यंत आलं होतं. मी ते गिळलं. म्हटलं, "मी काढलंय. नाक वाकडं झालंय." म्हातारे पुन्हा चित्राकडे वळले. "नाक असंच हुतं तिचं," ते म्हणाले. "तोंड पन असंच. मिटलेलं मी कवा बघितलंच न्हाय. त्या दिवशी जाळताना बघितलं." एवढं बोलून ते भिंतीला टेकून खाली बसले.

हार एका बाजूला घसरला होता. तो सारखा करायला मी पुढे झाले, तर शेवंतीच्या पाकळ्यांना जाळीचा हिरवा लागलेला. इतक्या दिवसांनीही तो रंग वाळला नव्हता. माझ्या बोटांनाही लागला. सवयीनं मी हात पदराखाली नेला, मग बाहेर काढला. पंगत बसली तेव्हा मी त्याच हातानं पुऱ्या वाढल्या. कुणी कुणी बोटांकडे बघत होतं. लाज वाटत होती, खोटं कशाला सांगू? पण शेवटच्या पानापर्यंत वाढलं, हात लपवला नाही.